दोन्ही टीम प्रार्थना करतात, मग देव कुणाचा? (कॉलेज फुटबॉल आणि ख्रिस्ती श्रद्धा)

गावठी_क्वार्टरबॅक

सोमवारी (२० जानेवारी २०२५) अटलांटातल्या फायनलला नोट्र डेम हरलं, म्हणजे इंडियानातल्या साउथ बेंडचं कॅथलिक कॉलेज, माझी टीम. ओहायो स्टेट ३४, आम्ही २३. ३१-७ झालं तेव्हा मी टीव्ही बंद करणार होतो, मग पोरं ३१-२३ पर्यंत आली, आशा लागली आणि तेवढ्यात थर्ड अँड इलेव्हनला (तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड हवे) ओहायोच्या त्या जेरेमाया स्मिथने ५६ यार्डांचा पास घेतला. खेळ खल्लास. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा अमेरिकन फुटबॉल, कॉलेजांचा. यात पाय कमी आणि डोकी जास्त वापरतात, एकमेकांवर आपटायला.)

हरल्यावर इथल्या मराठी ग्रुपवर एकाने टाकलं, "काय रे, येशूने पार्टी बदलली का?" आता यात गंमत अशी की दोन्हीकडचे क्वार्टरबॅक (टीमचा खेळ चालवणारे, पास फेकणारे), ओहायोचा विल हॉवर्ड आणि आमचा रायली लेनर्ड, दोघंही माईक समोर आला की आधी येशूचं नाव घेणारे. ओहायोच्या खेळाडूंनी तर गेल्या ऑगस्टमध्ये कॅम्पसवर प्रार्थनेचा मोठा कार्यक्रम केला, तिथेच बाप्तिस्मे झाले. आमचा कोच मार्कस फ्रीमन २०२२ मध्ये कॅथलिक झाला. तो स्वतः ओहायो स्टेटकडून खेळलेला, हे अजून एक.

आमचं घर नगरचं, पणजोबांपासून ख्रिस्ती, प्रोटेस्टंट, अमेरिकन मराठी मिशनवाले. त्यामुळे मला या विषयात दोन्हीकडून बोलायचा हक्क आहे असं मी समजतो. माझं मत सरळ आहे: देव स्कोअरबोर्ड बघत नाही. पण टीमची श्रद्धा खरी की दाखवायची हे ओळखायची एक खूण आहे. तिच्यापायी टीमला काही सोडावं लागतं का ते बघा. ब्रिगहॅम यंगवाले (युटाहचं मॉर्मन चर्चचं कॉलेज) रविवारी खेळत नाहीत म्हणजे नाहीत, ते मला पटतं. जिंकल्यावर कॅमेऱ्यासमोर आकाशाकडे बोट दाखवायला काय लागतं? आणि सरकारी युनिव्हर्सिटीत कोचच पाळक होऊन बसतो ते तर अजिबात पटत नाही.

तुम्हाला काय वाटतं? इथे राहणाऱ्यांनी आपापल्या टीमचं सांगा. शिव्या चालतील, मापात.

चहाटळ

३१-७ ला टीव्ही बंद करणार होता म्हणे. अल्पविश्वासी माणसा, तुझ्यामुळेच हरले.

ओहायोवाली

विजेत्यांकडून नमस्कार 😀

एक दुरुस्ती. ऑगस्टचा तो कार्यक्रम खेळाडूंनी स्वतः केला होता, कोचने नाही. माझी मुलगी तिथेच शिकते, मैत्रिणीबरोबर बघायला गेली होती, गर्दी बघून चाट पडली. आम्ही सांगलीचे, घरी गणपती बसतो, तिला कुणी काही विचारलं नाही की हातात पत्रक कोंबलं नाही. सरकारी कॉलेजात शिकतो म्हणून एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी श्रद्धा वसतिगृहात कुलूप लावून ठेवायची का? आणि "काही सोडावं लागलं तरच खरी" ही कुठली कसोटी? ज्याला काही सोडावं लागत नाही त्याची श्रद्धा खोटी?

टेक्सासतात्या

आमच्याकडे या विषयावर धागा नाही, कोर्टकेस निघते.

२००० साली इथल्याच, गॅल्व्हेस्टनजवळच्या सांता फेच्या शाळेची केस सुप्रीम कोर्टात गेली. मॅचआधी विद्यार्थ्याने लाउडस्पीकरवरून प्रार्थना म्हणायची, चालेल का? कोर्ट म्हणालं, नाही. ६-३. मग २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टनचा शाळेचा कोच, मॅच संपली की पन्नास यार्डाच्या रेषेवर गुडघे टेकून प्रार्थना करायचा. कोर्ट म्हणालं, चालेल, त्याचा हक्क आहे. तेही ६-३. म्हणजे स्कोअर तोच, फक्त जिंकणारी टीम वेगळी.

बाकी आमच्या राज्यात नावातच धर्म असलेल्या टीम आहेत. टेक्सास ख्रिश्चन, सदर्न मेथडिस्ट, आणि वेकोचं बेलर, ते बॅप्टिस्टांचं. बेलरच्या कॅम्पसवर १९९६ पर्यंत नाचायला बंदी होती. टचडाउनवर (फुटबॉलमधला गोल म्हणा) नाचायचे की नाही ते ठाऊक नाही. आणि खेळाडूंना चोरून पैसे देतात म्हणून १९८७ मध्ये ज्यांचा अख्खा सीझन रद्द झाला, आजवर दुसऱ्या कुणाला न झालेली ती फुटबॉलची फाशी, ती कुणाला? मेथडिस्टांना. आता २०२१ पासून पोरं आपलं नाव-चेहरा वापरून राजरोस कमावतात. पाप होतं त्याचा धंदा झाला. नावावर जाऊ नका एवढंच म्हणतो.

अभ्यासू_बोका

ओहायोवाली ताई, खेळाडूंनी आपणहून केलं तर कुणाचीच हरकत नसावी. घोळ कोचपाशी आहे. कॉलेजच्या कोचच्या हातात काय असतं बघा: कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, पुढच्या वर्षी कुणाला टीममध्ये जागा राहणार. असा माणूस "चर्चला जायला बस लावली आहे, यायची सक्ती नाही हं" म्हणाला तर अठरा वर्षांच्या पोराला त्यातलं काय ऐकू येईल? क्लेमसनच्या डॅबो स्विनीवर २०१४ मध्ये नेमकी हीच तक्रार झाली होती. क्लेमसन साउथ कॅरोलायना राज्याचं, म्हणजे करदात्यांचं कॉलेज. कोच गाजलेला, २०१६ आणि २०१८ चे सीझन जिंकलेला. त्याच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. त्याच्या खुर्चीबद्दल आहे.

पुणेरी_पाटी

सगळं मार्केटिंग आहे. सप्टेंबरमध्ये नॉर्दर्न इलिनॉयने नोट्र डेमला त्यांच्याच घरी १६-१४ हरवलं तेव्हा फादर लोक सुट्टीवर होते का? उत्तराची अपेक्षा नाही.

गावठी_क्वार्टरबॅक

@पुणेरी_पाटी, त्या मॅचचं नाव या घरात काढत नाहीत.

@ओहायोवाली, खोटी म्हणत नाही. दिसत नाही म्हणतो. टिम टीबो आठवतो का? फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक, आईवडील मिशनरी, जन्म फिलिपिन्सचा. डोळ्यांखालच्या काळ्या पट्टीवर सीझनभर बायबलमधलं "फिलिप्पै ४:१३" लिहायचा आणि जानेवारी २००९ च्या फायनलला "योहान ३:१६" लिहून उतरला. त्या दिवशी कोट्यवधी लोकांनी ते वचन गूगलवर शोधलं. पुढे एनसीएएने (कॉलेजांच्या खेळांची देशभरची संघटना) २०१० पासून पट्टीवर काही लिहायलाच बंदी घातली.

मला टीबो आवडायचा, अजून आवडतो. पण ते फिलिप्पैचं वचन आता प्रत्येक जिमच्या भिंतीवर आणि बुटावर दिसतं, "मी सगळं करू शकतो" अशा अर्थाने. आमच्या संडे स्कूलच्या बाईंनी एक सवय लावली होती, वचन वाचलं की आधीचं एक वाचायचं. आधीच्या ओळीत पौल म्हणतो की पोटभर असो नाहीतर उपाशी, दोन्हीत कसं राहायचं ते मी शिकलो. हे पत्र तो तुरुंगातून लिहितोय. त्यात जिंकायचं काही नाहीच, हरल्यावर निभवायचं आहे. हे वचन खरं तर सोमवारी आमच्या ड्रेसिंग रूममध्ये लावायला हवं होतं.

सुकेळी_वसई

धागाकर्ते भाऊ, प्रोटेस्टंट असून आमच्या कॅथलिक टीमला सपोर्ट करता, स्वर्गात जागा पक्की 😄

वसईत आमच्याकडे पॅरिशच्या टुर्नामेंटा होतात, फुटबॉल, क्रिकेट सगळं. सकाळी मिस्सा, मग मॅच, मग भांडण, मग सगळे एकत्र जेवायला. म्हणून मला साउथ बेंडला गेल्यावर काही वेगळं वाटलंच नाही. चुलतभाऊ शिकागोला असतो, त्याने नेलं. स्टेडियममधून लायब्ररीच्या भिंतीवरचा तो भला मोठा येशू दिसतो, १३४ फूट उंच, दोन्ही हात वर केलेले, रेफरी टचडाउन देतो तसे. सगळे त्याला टचडाउन जीझसच म्हणतात, फादरसुद्धा. बाहेर नाइट्स ऑफ कोलंबसवाले (कॅथलिक पुरुषांची संघटना) शेगडीवर स्टेक भाजून पावात घालून देतात, त्याची रांग ग्रोटोत (मरियमेच्या गुहेत) मेणबत्ती लावायच्या रांगेपेक्षा मोठी होती. मी दोन्हीकडे उभा राहिलो. आधी कुठे ते विचारू नका.

पण एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही. ही टीम एवढी मोठी का झाली? शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत कॅथलिक म्हणजे खालचे. आयरिश, इटालियन, पोलिश, गिरणी-खाणीत राबणारे. इंडियानात कू क्लक्स क्लॅनचं (गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची संघटना) तेव्हा राज्य होतं म्हणा ना, आणि ते कॅथलिकांच्याही मागे लागलेले. १९२४ च्या मेमध्ये क्लॅनवाले साउथ बेंडला जमायला आले तेव्हा नोट्र डेमची पोरं रस्त्यात उतरून भिडली. त्याच वर्षी टीम एकही मॅच हरली नाही. कोच नूट रॉकनी मूळचा लुथरन, तो १९२५ मध्ये कॅथलिक झाला. ज्यांनी आयुष्यात कॉलेजचं तोंड बघितलं नाही असे लाखो मजूर या टीमचे फॅन झाले, कारण शनिवारी तरी आपली माणसं जिंकत होती. त्यामुळे टीमच्या नावाने प्रार्थना करणाऱ्या म्हाताऱ्या बाईला मी हसत नाही.

जुना_क्रिकेटवेडा

सुकेळी यांचा प्रतिसाद वाचून विषय सोडून लिहितोय, चालवून घ्या.

धर्मावर टीम हे आपल्या मुंबईनेही केलंय. पेंटँग्युलर, पाच टीमांची क्रिकेट स्पर्धा. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि १९३७ पासून "द रेस्ट", म्हणजे उरलेले, त्यात आपले ख्रिस्ती. १९४३ ची फायनल, ब्रेबॉर्न स्टेडियम, हिंदू विरुद्ध रेस्ट. विजय मर्चंट नाबाद २५०, हिंदू ५ बाद ५८१ डिक्लेअर. रेस्ट १३३ मध्ये गारद, फॉलोऑन. दुसऱ्या डावात रेस्टच्या ३८७ धावा, त्यातल्या ३०९ एकट्या विजय हजारेंच्या. सांगलीचा मराठी ख्रिस्ती माणूस. भाऊ विवेकबरोबर ३०० ची भागीदारी केली, त्यात विवेकचे २१! एक डाव आणि ६१ धावांनी हरले तरी मॅच हजारेंच्या नावानेच ओळखतात. गांधीजींनी १९४० मध्येच या धर्मवार क्रिकेटला विरोध केला होता, १९४६ नंतर ते बंदच झालं. बरं झालं. पण ३०९!

ओहायोवाली

आमच्या सांगलीचे हजारे! हा धागा आता मला आवडायला लागला.

गावठी_क्वार्टरबॅक

काका, साष्टांग. आमच्या घरी हजारेंचं नाव देवघरात... देवघर नाही आमच्याकडे, पण कळलं ना.

प्रोव्होचा_पाहुणा

मी युटाहला नोकरीनिमित्त आहे, ब्रिगहॅम यंगच्या गावात. धागाकर्त्याने आमचं नाव काढलं म्हणून लिहितो. मी मॉर्मन नाही, त्यांच्यासारखं चहा सोडणं जमणार नाही.

रविवारचं खरं आहे. एनसीएएच्या बास्केटबॉल स्पर्धेत यांच्यासाठी वेळापत्रक वेगळं बघावं लागतं, २००३ मध्ये कमिटी ते विसरली आणि पुढे गेले असते तर रविवारी खेळायची पाळी आली असती. एली हेरिंग नावाचा यांचा लाइनमन होता. त्याने एनएफएलच्या (व्यावसायिक फुटबॉलची लीग) टीमांना आधीच कळवलं, मला घेऊ नका, मी रविवारी खेळणार नाही. ओकलंड रेडर्सने तरी १९९५ च्या ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडतात तेव्हा) घेतलाच. गेला नाही. शाळेत गणित शिकवायला लागला. २०११ मध्ये बास्केटबॉल टीम देशात तिसऱ्या नंबरवर होती, मार्चची स्पर्धा तोंडावर, आणि ऑनर कोड (कॉलेजचे वागणुकीचे नियम) मोडला म्हणून महत्त्वाच्या खेळाडूला बसवलं. पुढच्याच मॅचला आपटले. दुसऱ्या कुठल्या कॉलेजने हे केलं असतं?

आणि गंमत ऐका. २०२४ च्या सीझनला यांचा क्वार्टरबॅक होता जेक रेट्झलाफ, तो ज्यू आहे. मॉर्मन स्टेडियममध्ये साठ हजार लोक एका ज्यू पोरासाठी गळा फाडायचे. ११-२ गेला सीझन.

टेक्सासतात्या

यांची पोरं दोन वर्षं धर्मप्रचाराच्या मिशनला जाऊन येतात, मग पंचविशीत कॉलेज खेळतात. समोर आमचा एकोणीसचा. ती श्रद्धा आहे की वजन वाढवायची स्कीम?

कोकणी_माणूस

पण मॉर्मन ख्रिस्ती धरायचे का? बऱ्याच चर्चना मान्य नाही.

गावठी_क्वार्टरबॅक

कोकणी, तो धागा वेगळा काढा, इथे रक्तपात नको. ते स्वतःला म्हणवतात, मला पुरेसं आहे.

ओहायोवाली

बरं, तुमचीच फूटपट्टी तुमच्याच टीमला लावू या का? नोट्र डेमने काय सोडलं? १९९१ पासून एनबीसी या टीव्ही चॅनेलशी स्वतःच्या घरच्या मॅचेसचा वेगळा करार. कुठल्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या गटात) फुटबॉल खेळत नाहीत, म्हणजे पैसा वाटायला नको. हेल्मेटवर खरं सोनं. चर्च आहे की सराफाचं दुकान?

चहाटळ

🍿 घेऊन बसलोय.

गावठी_क्वार्टरबॅक

सराफाचं दुकान 😂 मान्य, चकाकतं जरा.

पण सोडलंय. १९२५ चा रोझ बोल जिंकल्यावर नोट्र डेमने ठरवलं की सीझननंतरचे बोल सामने खेळायचे नाहीत, पोरांचा अभ्यास बुडतो. हा नियम १९६९ च्या सीझनपर्यंत पाळला. मधे देशातली सगळ्यात भारी टीम कितीदा तरी हीच होती आणि डिसेंबर-जानेवारीत घरी बसायची. बोलचा पैसा दुसरे नेत होते. आज तसं करतील का? नाही करणार. एनबीसीच्या कराराचं समर्थन मी करत नाही, मॅच मात्र त्यावरच बघतो.

मधुरा_मिशिगन

एवढ्या चर्चेत सिस्टर जीन कुणालाच आठवल्या नाहीत? शिकागोचं लोयोला, जेझुइटांचं कॉलेज. २०१८ ला अकराव्या सीडवरून (मानांकन) बास्केटबॉलच्या फायनल फोरला (शेवटच्या चारांत) पोचले, आणि टीमच्या चॅप्लन (प्रार्थना घेणाऱ्या) या नन आजी, वय ९८, व्हीलचेअरवर, गळ्यात मरून-सोनेरी मफलर. नुसती प्रार्थना नाही, समोरच्या टीमचा कोण कसा खेळतो याचा अभ्यास करून पोरांना सांगायच्या, मॅचनंतर ईमेलने कान उपटायच्या. सेमीफायनलला आमच्या मिशिगनने त्यांना ६९-५७ हरवलं. आयुष्यात पहिल्यांदा आपली टीम जिंकल्यावर अपराधी वाटलं.

माझ्या मते श्रद्धा आणि खेळ असे एकत्र नांदावेत. आधी अभ्यास, मग आशीर्वाद.

डोंबिवली_टू_डॅलस

बरेच दिवस नुसती वाचते, आज विचारते कारण प्रश्न घरातला आहे.

मुलगा नववीत, शाळेच्या फुटबॉल टीममध्ये घेतलंय (आम्हालाच धक्का). सरकारी शाळा. मॅच झाली की टीम गोल करून गुडघ्यावर बसते आणि प्रार्थना होते, येशूच्या नावाने. कोच सुरू करत नाही, सीनियर मुलगा करतो, कोच बाजूला टोपी काढून उभा असतो. आम्ही हिंदू, घरी रोज दिवा लागतो, तसा आमचा कुठल्याच प्रार्थनेला विरोध नाही. पण मुलगा काय करतो माहितीये? बरोबर त्या वेळी खाली वाकून बुटाची लेस सोडतो आणि परत बांधतो. मी गॅलरीतून बघते. प्रत्येक मॅचला. घरी विचारलं तर म्हणाला, "आई, लेस सुटते गं." काय सांगू त्याला?

टेक्सासतात्या

पोरगा हुशार आहे. कायदाही त्याच्या बाजूने आहे, बसायची सक्ती कुणी करू शकत नाही. पण तुम्ही शाळेत जाऊन तक्रार करू नका लगेच, छोट्या गावात त्याचा त्रास पोरालाच होतो. माझ्या मुलाच्या वेळी तो गोलात उभा राहायचा, डोळे उघडे ठेवून, मनात रामरक्षा. कुणाला काही कळलं नाही.

अभ्यासू_बोका

तात्या, "कळलं नाही" हाच तर प्रॉब्लेम आहे. चौदा वर्षांच्या मुलाला लेसमागे लपावं लागतं. कोच टोपी काढून उभा राहतो म्हणजे तो आहेच ना त्यात.

सुकेळी_वसई

ताई, आमच्या वसईच्या टुर्नामेंटात हिंदू मुलं असतात, प्रार्थनेला बाजूला उभी राहतात, कुणी ढुंकून बघत नाही. पण ती मुलं तिथे पाहुणी नाहीत, शेजारीच वाढलेली. तुमच्या पोराला तिथे अजून नवं वाटत असेल. थोडा वेळ द्या.

गावठी_क्वार्टरबॅक

ताई, ख्रिस्ती माणूस म्हणून सांगतो. त्याला म्हणा, लेस बांधायची गरज नाही, सरळ उभा राहा, किंवा बसावंसं वाटलं तर बस, दोन्हीत कमीपणा नाही. आणि त्या सीनियर मुलाशी एकदा बोल, बरोबर खाताना वगैरे. बहुतेक वेळा या पोरांना सुचलेलंच नसतं की कुणाला अवघड होत असेल. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूच सांगतो की लोकांना दिसावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करू नका, खोलीत जा, दार लावा. फुटबॉलच्या मैदानाला दार नसतं ही अडचण आहे.

कोचवर लक्ष ठेवा मात्र. पोराचा खेळायचा वेळ कमी झाला तर तात्यांचं ऐकू नका, बोक्याचं ऐका.

डोंबिवली_टू_डॅलस

धन्यवाद सगळ्यांना. वाचून दाखवलं त्याला. "आई, तू हे इंटरनेटवर टाकलंस???" एवढंच म्हणाला.

मधुरा_मिशिगन

मे २०२५, धागा वर काढतेय. हबेमुस पापम! नवे पोप लिओ चौदावे, पहिले अमेरिकन, शिकागोचे, आणि व्हिलानोव्हा या कॅथलिक कॉलेजचे १९७७ चे गणिताचे पदवीधर. तेच कॉलेज २०१६ आणि २०१८ चं बास्केटबॉल चॅम्पियन. सुकेळी, तुमच्या नोट्र डेमचं आता काय?

सुकेळी_वसई

पोप ऑगस्टिनियन संघाचे, कॉलेजही त्याच संघाचं. आम्ही होली क्रॉस संघवाले. घरातलाच मामला आहे, मिटवू.

चहाटळ

बेसबॉलमध्ये ते व्हाइट सॉक्सचे फॅन आहेत. २०२४ च्या सीझनला व्हाइट सॉक्स १२१ मॅचेस हरले, आधुनिक काळातला रेकॉर्ड. खुद्द पोपच्या टीमची ही गत, आणि हे नोट्र डेमचं विचारतायत.

टेक्सासतात्या

१३ सप्टेंबरला टेक्सास ए अँड एम साउथ बेंडला येतंय. मी येणार. गावठी, तिकिटाची सोय बघ, आणि ती स्टेकची रांग कुठे असते ते सांग. मेणबत्तीचं नंतर बघू.

गावठी_क्वार्टरबॅक

तात्या, व्यनि केलाय. राहायला घरीच या, पण ए अँड एमचा मरून शर्ट घालून आलात तर जेवण बाहेर.